दरीवरचा पूल कशाच्या बळावर उभा राहतो?

(कात्रप, बदलापूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात पुलाविषयी बोलणे आपणांस थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु कात्रपच्या माणसाला रेल्वे परकी नाही. कल्याणहून पळसदरीकडे जाणारा आपला लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला. पुढे १८६३ साली तो बोरघाट चढून गेला. त्या घाटातील दऱ्यांवर तेव्हा दगडी कमानींचे उंच पूल बांधले होते. त्यांपैकी एक, जुन्या इंग्रजी कागदपत्रांत 'म्हाऊ-के-मल्ली' या नावाने येणारा पूल, १८६७ साली एकाएकी कोसळला. घाट खुला होऊन अवघी चार वर्षे झाली होती. निकृष्ट दगडी बांधकाम हे त्याचे कारण ठरले. पूल बाहेरून भक्कमच दिसत असणार, नाहीतर त्यावरून गाडी सोडली कोणी असती?

ही गोष्ट मनात ठेवून आता माझ्याबरोबर कोकणात चला. आपल्यापैकी अनेकांची मूळ गावे तिकडे आहेत. पनवेलला गाडी पकडून आपण गावी जातो. गेल्या उन्हाळ्यात मी नातवाबरोबर असाच निघालो होतो. रत्नागिरी सोडल्यावर निवसरच्या आधी गाडी एका खोल दरीवरून जाऊ लागली. खिडकीला नाक लावून तो म्हणाला, "आजोबा, खाली काहीच नाही!" मी म्हटले, "खाली खांब आहेत बाळा, तुला दिसत नाहीत एवढेच."

तो पानवल नदीवरचा काँक्रीटचा पूल. आपल्या शेजारच्या पनवेलशी त्याचा संबंध नाही. नाव सारखे वाटते म्हणून सांगितले. पुलाची लांबी ४२४ मीटर आणि उंच खांब ६४ मीटर, म्हणजे सुमारे वीस मजली इमारतीएवढा. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम चालले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. त्यात ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत.

आता हा पूल बांधला कसा, ते पाहू. आपल्या इमारतीचा स्लॅब घालताना खाली टेकू लावून सेंट्रिंग करतात. पण वीस मजले खोल दरीत टेकू लावणार कसे? म्हणून युक्ती अशी केली की पुलाचा वरचा भाग, म्हणजे पेटीसारखा पोकळ गर्डर, दरीच्या काठावर तुकड्यातुकड्याने ओतायचा. एक तुकडा पक्का झाला की हायड्रॉलिक जॅकने तो खांबांच्या दिशेने पुढे ढकलायचा आणि रिकाम्या जागेत त्याच्या पाठीशी जोडून पुढचा तुकडा ओतायचा. पुढचा खांब लवकर गाठता यावा म्हणून टोकाला पोलादाची हलकी चोच बसवतात. ही पद्धत लेओनहार्ट आणि बाउर या जर्मन अभियंत्यांनी १९६० नंतर व्हेनेझुएलातील कारोनी नदीवरील पुलासाठी वापरली. भारतात ती प्रथम पानवलला वापरली गेली.

यात एक अडचण आहे. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण लागला की तडकते. गर्डर पुढे सरकताना त्याचा तोच भाग कधी खांबावर येतो, तर कधी दोन खांबांच्या मधोमध. खांबावर असताना त्याची वरची बाजू ताणली जाते आणि मधोमध असताना खालची. मग तो टिकतो कसा? घरी एक प्रयोग करा. पाच-सहा पुस्तके उभी ओळीने ठेवा, दोन्ही टोकांना तळहात लावून घट्ट दाबा आणि उचला. मधली पुस्तके पडत नाहीत. हात सैल सोडले की सारी खाली. पुलात हे हाताचे काम पोलादी केबल्स करतात. त्या ताणून दोन्ही टोकांना पक्क्या केल्या की सगळे काँक्रीट आधीच दाबले जाते. यालाच पूर्वताणित काँक्रीट म्हणतात. खांबही आतून पोकळ आहेत. त्यामुळे मजबुती राहते आणि पायावरचे ओझे कमी होते.

बांधून झाले म्हणजे काम संपले, असेही नाही. या पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसवले आहे. वारा मर्यादेबाहेर गेला की गाड्या थांबवतात.

पालकहो, हे सारे मी का सांगितले? त्या केबल्स कोणत्याही प्रवाशाला दिसत नाहीत. बोरघाटातल्या त्या पुलाच्या पोटात काय भरले आहे, हेही कोणाला दिसत नव्हते. एक पूल आतल्या कामाने उभा राहिला, दुसरा आतल्या कामाने पडला. आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेचेही असेच आहे. ती दर्शनी बाजू झाली. कॉपी करून, उत्तरे घोकून ती चांगली दिसू शकते. म्हणून शाळेतून आलेल्या मुलाला "किती मार्क मिळाले?" एवढेच विचारू नका. "काय समजले, मला समजावून सांग" असेही विचारा. आपण स्वतः शिकलेले नसलो तरी हा प्रश्न विचारता येतो.

आणि नववीतच शाळा सोडून कामाला लागू म्हणणाऱ्या मुलाला सांगा, गर्डरचा कच्चा तुकडा घाईने पुढे ढकलला तर तडा जातो. आधी पक्का होऊ दे. पुढे कोणी आय.टी.आय.ला जाईल, कोणी डिप्लोमाला, कोणी इंजिनिअर होईल. सळई बांधणारा आणि केबल ताणणारा कारागीर नसेल, तर इंजिनिअरचे गणित कागदावरच राहते. यात कोणतेही काम हलके नाही, आणि मुलींनी यातले काही करू नये असेही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या वेळी त्या दरीवरून जाल तेव्हा जरूर खाली पाहा. पुलाखालून तुम्हांला केबल्स दिसणार नाहीत. पण त्या तिथे आहेत, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.