वॉरंटीचा खोका आणि हिशेबाची वही

आम्ही दिघीच्या बचत गटातल्या. आमच्यात कुणाचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, कुणाचं मिक्सर-कुकरचं, कुणाचं इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं. अशी छोटी दुकानं आपल्या आळंदी रस्त्याला तुम्ही रोज पाहता. त्यांच्या काउंटरखाली हमखास एक खोका असतो, वॉरंटीत परत आलेल्या मालाचा. आज त्याचाच हिशेब बघू.

गिऱ्हाईक बंद पडलेला एलईडी बल्ब आणतं. बिलावरची तारीख बघून आपण फळीवरचा नवा बल्ब देतो. पैसे घेतले नाहीत, म्हणून वहीत काही लिहीत नाही. महिनाअखेर माल मोजला की आठ बल्ब कमी! मग संशय कुणावर? काउंटरवरच्या मुलीवर, नाहीतर घरच्या सुनेवर. चोरी झालेलीच नसते, फक्त नोंद राहिलेली असते.

समजा, सत्तर रुपयांनी १०० बल्ब घेतले. ६० विकले, ८ वॉरंटीत बदलून दिले. फळीवर उरले ३२. मालाची किंमत ३२ गुणिले ७०, म्हणजे २,२४० रुपये. खोक्यातले आठ बंद बल्ब यात धरायचे नाहीत, कारण ते विकता येणार नाहीत. पण ते ५६० रुपये बुडालेलेही नाहीत. ते ‘कंपनीकडून येणे’ म्हणून वेगळे लिहायचे. बँकेला मालाची यादी देतानाही हा फरक ठेवा.

पुढे कंपनीने सात बल्ब बदलून दिले आणि एक नाकारला, तर सात फळीवर जमा करा. ती नवी खरेदी नाही आणि फुकटचा नफाही नाही. नाकारलेल्याचे ७० रुपये तोट्यात टाका आणि येणं बंद करा.

यासाठी एक साधी वही पुरते. तारीख, गिऱ्हाइकाचा बिल नंबर, कोणता माल, नवा दिला, बंद आला, कंपनीला पाठवला, कंपनीकडून आला. एवढेच रकाने. सेल्समन खोका नेतो तेव्हा नग मोजून त्याची सही घ्याच. सेल्समन बदलला की तोंडी शब्दाला कुणी विचारत नाही. आणि खोका साठवून ठेवू नका. कंपनीची मुदत टळली की येणं बुडतं.

जीएसटीचं बऱ्याच जणींना भय वाटतं. केंद्राने १७ जुलै २०२३ च्या परिपत्रकात वॉरंटीत बदललेल्या सुट्या भागांबद्दल खुलासा केला आणि २६ जून २०२४ ला तो पूर्ण वस्तूंनाही लागू केला. आपण आपल्या मालातून बदलून दिलं, गिऱ्हाइकाकडून काही घेतलं नाही आणि कंपनीने तेवढाच माल डिलिव्हरी चलनावर भरून दिला, तर त्यावर जीएसटी नाही. कंपनीला त्या मालावरचं क्रेडिटही परत करावं लागत नाही. गिऱ्हाइकाकडून जादा रक्कम घेतली, तर मात्र तेवढ्यावर कर लागतो. चलन जपून ठेवा.

महिनाअखेर फळीवरचा, खोक्यातला आणि कंपनीकडे गेलेला माल, तिन्हींची बेरीज करा. आपल्या उदाहरणात विक्री वजा जाता ४० यायला हवेत. आले, तर कुणाकडे बोट दाखवायची वेळच येत नाही. या रविवारी खोका उपसा, मोजा आणि वहीचं पहिलं पान लिहा.