गव्हाणीतला ख्रिस्त

आमच्या गल्लीत मिशनच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्या एक नर्सबाई राहायच्या. नाताळात त्या ओसरीवर गोठा मांडायच्या. गवत, मातीची गाय, मेंढरं आणि मधोमध गव्हाणीत बाळ. आम्ही पोरं केकच्या आशेनं जायचो, हे कबूल करतो. एकदा अम्मीही आली. तिनं गोठा नीट निरखला आणि विचारलं, ‘‘बाई, खजुराचं झाड कुठाय?’’ कुरआनात मरियमला कळा येतात त्या खजुराच्या बुंध्याशी. अम्मीला ईसांचा जन्म तसाच ठाऊक. बाई हसल्या. पुढच्या वर्षी गोठ्याशेजारी शिंदीची एक फांदी रोवलेली होती.

हा गोठा लोकप्रिय कुणी केला याचा माग काढत मी इटलीतल्या ग्रेच्चो गावापर्यंत पोचलो. अर्थात पुस्तकांतून. १२२३ सालच्या नाताळात असिसीच्या फ्रान्सिसनं तिथं गव्हाण मांडायला लावली, गवत आणवलं, खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं. बेथलेहेमचं बाळ किती उघडंवाघडं होतं, ते त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. त्याचा पहिला चरित्रकार, चेलानोचा थॉमस सांगतो, की फ्रान्सिस ‘बेथलेहेम’ हा शब्द कोकरू ओरडावं तसा उच्चारी आणि येशूचं नाव घेताना त्या नावाची गोडी चाखावी तशी ओठांवरून जीभ फिरवी. जिक्र करणाऱ्या सूफींच्या मैफलीत बसलेल्या माणसाला ही गोडी वेगळी सांगावी लागत नाही.

श्रोतेहो, त्याआधीच्या शतकांत चर्चच्या भिंतींवर ख्रिस्त बहुधा सिंहासनावर बसलेला राजा असे, जगाचा न्यायाधीश. त्याच्या माणूसपणाकडे बाराव्या शतकातच काही साधू वळले होते. फ्रान्सिसनं मात्र ते माणूसपण भाकरीसारखं गोरगरिबांच्या हातात दिलं. गव्हाणीतलं मूल आणि क्रुसावरचा जखमी माणूस, या दोन टोकांमध्ये त्याचा सगळा ख्रिस्त मावतो. पुढं १२२४ मध्ये ला व्हेर्ना डोंगरावर त्याला सहा पंखांच्या देवदूताचं दर्शन झालं आणि ख्रिस्ताच्या जखमा त्याच्या अंगावर उमटल्या, असं चरित्रकार लिहितात.

त्याच डोंगरावर १२५९ मध्ये बोनाव्हेंचर जाऊन बसला. हा पॅरिसला शिकलेला पंडित, फ्रान्सिसच्या संघाचा प्रमुख. त्यानं त्या सहा पंखांच्या सहा पायऱ्या केल्या. सृष्टीत देवाच्या खुणा पाहायच्या, मग स्वतःच्या अंतःकरणात, मग त्याही पलीकडे. शेवटी बुद्धीनं गप्प बसायचं आणि प्रेमानं पुढं जायचं. दार मात्र एकच, क्रुसावरचा ख्रिस्त. ग्रंथ छोटा आहे. अवघड आहे. मला तो तिसऱ्या वाचनात थोडा उमगला.

खरा गुंतलो तो डन्स स्कॉटसमध्ये. ऑक्सफर्ड आणि पॅरिसला शिकवणारा हा फ्रान्सिस्कन १३०८ मध्ये कोलोनला वारला. आदमनं पाप केलं, ते निस्तरायला देव माणूस झाला, असं तेव्हाचे बहुतेक पंडित मानत. थॉमस अक्वायनसचाही कल तिकडेच. स्कॉटस म्हणाला, शहाणा माणूस आधी साध्य ठरवतो, मग साधनं. देवाचं सर्वांत मोठं काम कुणाच्या तरी चुकीवर अवलंबून कसं असेल? आदम चुकला नसता तरी ख्रिस्त आलाच असता, कारण देवाला आपल्यावर पुरेपूर प्रेम करणारा कुणीतरी हवा होता. म्हणजे ख्रिस्त ही फुटक्या घराची डागडुजी नव्हे, घर बांधण्यामागचा पहिला हेतू आहे. हे वाचून मला सूफींचा नूर-ए-मुहम्मदी आठवला, साऱ्या सृष्टीआधीचा प्रकाश. सारखेपणा इथंच संपतो. सूफींचा तो नूर देवानं निर्माण केलेला, स्कॉटसचा ख्रिस्त स्वतःच देव. मधली भिंत मी पाडू शकत नाही. कुरआनच्या शिकवणीप्रमाणे ईसा पैगंबर आहेत आणि त्यांना सुळावर चढवलं गेलं नाही. मीही तेच मानतो.

या भिंतीवर डोकं आपटणारेही झाले. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना फ्रान्सिस इजिप्तमध्ये सलाहुद्दीनचा पुतण्या सुलतान अल्-कामिल याच्या छावणीत गेला आणि सुखरूप परतला. १२२१ च्या नियमावलीत त्यानं मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना दोन वाटा सांगितल्या. पहिली अशी, की वादविवाद करू नका, सगळ्यांच्या सेवेत राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत एवढं सांगा. उपदेशाची वाट दुसरी, देवाची मर्जी दिसेल तेव्हाची. शंभर वर्षांनी, १३२१ मध्ये, आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधूंना काझीनं पैगंबरांविषयी विचारलं. त्यांचं उत्तर जिव्हारी लागलं आणि त्यांना ठार केलं गेलं. ओडोरिक नावाच्या त्यांच्याच संघातल्या प्रवाशानं त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. मारणारे माझ्या धर्माचे होते. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

मी कवी, त्यामुळे याकोपोने दा तोदीला वगळून पुढं जाणं जमणार नाही. फ्रान्सिसच्या वाटेनं गेलेला हा कवी पोपशी भांडला, काही वर्षं कैदेत पडला आणि लॅटिन सोडून घरच्या बोलीत गाणी लिहीत राहिला. त्याच्या एका गाण्यात क्रुसापाशी उभी मरियम मुलाला पुन्हा पुन्हा एकाच शब्दानं हाक मारते. इंग्रजीच्या आधारानं मी ते मराठीत आणायला बसलो. जे घडलंच नाही असं मी मानतो, त्यावरचा हा विलाप. तरी पेन खाली ठेववेना. त्या हाकेपाशी मात्र अडलो. ‘पुत्रा’ लिहिलं, ते कीर्तनातलं वाटलं. ‘बेटा’ लिहिलं, ते माझ्या घरातलं झालं. दोन दिवसांनी ‘लेकरा’ लिहिलं आणि पुढची ओळ घेतली.