जात्यावरची ओवी आणि दहावीचं पुस्तक



दहावीची परीक्षा जवळ आली की गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या जोडीनं मुलांच्या अभ्यासाचाही विषय निघतो. पण मराठीच्या पुस्तकातलं यमक, अलंकार, वृत्त घेऊन लेकरू जवळ आलं की आपण म्हणतो, "मला काय कळतंय त्यातलं? सरांना विचार." आम्हाला आज हेच सांगायचंय की त्यातलं बरंचसं आपल्याला येतं. फक्त पुस्तकातली नावं ओळखीची नसतात. ती आज ओळखीची करून घेऊ.

पहिलं नाव यमक. ओळींच्या शेवटी सारखा आवाज येतो, ते यमक. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं की अनुप्रास. 'पहाटे पाण्याला पाय पळती', यात 'प' मोजा. उखाणा घेताना आपण ही दोन्ही कामं सहज करतो.

आता अभंग. कवितेच्या ओळीचा एक तुकडा म्हणजे चरण. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिनांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. आम्ही गटावरच एक जुळवलाय, बोटांवर मोजा:

बायका जमल्या
हिशेब मांडला
रुपया जोडला
धीर आला

सहा, सहा, सहा, चार. एकूण 22. 'ल्या'सारखं जोडाक्षर एकच धरायचं. 'मांडला' आणि 'जोडला' हे यमक.

ओवी याहून मोकळी. ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा आखूड आणि बिनयमकाचा. अक्षरांची संख्या ठरलेली नसते. ज्ञानेश्वरी याच छंदात आहे, शके 1212 मधली, जवळपास नऊ हजार ओव्यांची. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. तिथं जात्याच्या फेऱ्यावर शब्द लांबवायचा की आवरायचा, हे दळणारी बाई ठरवायची.

अलंकारात मुलं गोंधळतात ती उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत. एकच उदाहरण तीन प्रकारे बघा. 'लेकीचं बोलणं पाटाच्या पाण्यासारखं झुळझुळतं', ही उपमा. इथं बोलणं हे उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची ते. पाणी हे उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते. 'लेकीचं बोलणं म्हणजे जणू पाटाचं पाणीच', ही उत्प्रेक्षा. 'जणू' आणि 'च' या तिच्या खुणा. 'तिच्या बोलण्याचा पाट घरभर वाहतो' म्हटलं की बोलणं आणि पाट एकच झाले. हे रूपक.

'जातं कोपऱ्यात रुसून बसलं' म्हटलं तर निर्जीव वस्तू माणसासारखी वागली. ही चेतनगुणोक्ती. 'फोडणी दिली आणि अख्ख्या गावाला ठसका लागला', ही अतिशयोक्ती. असं आपण रोज बोलतो.

राहिलं वृत्त. त्याला मुलं घाबरतात, पण ते टाळ्यांवर बसतं. अ, इ, उ, ऋ असे ऱ्हस्व स्वर असलेलं अक्षर लघु, दीर्घ स्वराचं गुरू. पुढं जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर पडला, तर लघुचंही गुरू होतं. 'पत्र' म्हणताना 'प' जड होतो ना, तसं. तीन अक्षरांचा एक गण. 'यमाता' म्हणा: हलकी टाळी, जड, जड. हा 'य' गण. असे चार गण, म्हणजे बारा अक्षरं एका ओळीत आली की भुजंगप्रयात वृत्त. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच चालीत आहेत. मुलाला श्लोक म्हणायला लावा, आपण टाळी धरू.

आणखी एक सांगायचंय. गिरणी आली, मनगटांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ओव्या म्हणायची वेळही गेली. आता त्या सासूबाईंच्या, आजीच्या तोंडी उरल्यात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून 1951 साली त्या गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक निघालं. कुणी लिहिलंच नसतं तर?

म्हणून पुढच्या बैठकीपर्यंत एक काम करू. घरातल्या म्हाताऱ्या बाईला एक ओवी म्हणायला सांगू. दहावीतल्या पोरानं ती वहीत उतरवायची आणि यमकाखाली रेघ मारायची, उपमा दिसली तर बाजूला लिहायची. ओवी म्हणणारीचं नाव वर असू द्या. पोराचा अभ्यास होईल आणि ओवी कागदावर राहील. आणि ज्या आजीला घरात 'अडाणी' म्हणतात, तिच्याकडंही शिकण्यासारखं काही आहे, हे पोराला पुस्तकाच्याच भाषेत कळेल.

वह्या बैठकीला घेऊन या. आम्ही वाट बघतो.