औषध बदलले, गट बदलला का?



ऐन गव्हाच्या पेरणीत सवड काढून आपण निफाडला आलात. स्वागत समितीच्या वतीने सर्वांचे मनापासून स्वागत. हरियाणाच्या पाहुण्यांचे विशेष स्वागत, कारण आजचा विषय, तणनाशकाला न जुमानणारे तण, त्यांनी स्वतःच्या शेतात सोसला आहे.

त्यांच्याकडे भातामागून गहू घेतात आणि त्या गव्हात मंडूसी नावाचे गवत उगवते. लोंबी येईपर्यंत ते गव्हातून वेगळे काढणे कठीण. कोवळे रोप उपटले की बुडाशी तांबूस झाक दिसते, ती खूण. त्यावर वर्षानुवर्षे एकच औषध मारले गेले, आयसोप्रोट्युरॉन. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते लागू पडेना. काहींवर उभा गहू हिरवाच कापून गुरांना घालायची वेळ आली. औषध बनावट नव्हते. दर फवारणीत जी थोडी रोपे औषध पचवून वाचली, त्यांचेच बी रानात पडत गेले. १९९७-९८च्या सुमारास क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन ही नवी औषधे आली आणि गहू सावरला. पुढे त्यांनाही न जुमानणारी मंडूसी निघाली. विनानांगरटीची लवकर पेरणी, मध्येच ऊस किंवा बरसीमचा फेर, यांनी मात्र तिचा जोर कमी केला.

आपल्याला याचे काय, असे कुणी म्हणू नये. सोयाबीनमध्ये आपण क्विझालोफॉप मारतो. ते क्लोडिनाफॉपच्याच गटातले. दोन्ही गवताच्या एकाच विकरावर घाव घालतात. डब्यावरचे नाव बदलले म्हणजे औषध बदलले, असे होत नाही. म्हणून दुकानदार बंधूंना हात जोडून विनंती: पावती करताना गटही सांगा.

फवारणीनंतर उभे राहिलेले प्रत्येक गवत प्रतिकारक नसते. पाणी कमी पडले, नोझल चुकले, तण मोठे झाले, तरीही ते वाचते. पण शेजारचे शिप्पी गवत वाळले आणि त्यातच एखादे झाड हिरवेगार राहिले, तर ते बी धरण्याआधी उपटा. मजूर मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही उपटा.

गेल्या तीन हंगामांत कोणती तणनाशके मारली, ते नोंदणीच्या टेबलावरील कागदावर प्रत्येकाने जेवणाआधी लिहून द्यावे. दुपारची चर्चा त्याच यादीवरून सुरू होईल.