पायी पाहिलेले लंडन



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा हमालांच्या प्रश्नांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी ‘लंडन’ म्हणालो. फोनवर थोडा वेळ कोणी बोलले नाही. त्यांचा संशय रास्त होता. मी दहावीच्या अलीकडेच शाळा सोडलेला मनुष्य. अमरावतीच्या जिन-प्रेसच्या आवारात वाढलो आणि जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत रात्री वाचले. प्रवासवर्णन हा माझा प्रांत नव्हे. तरीही हा विषय घेतला, कारण एका मुलीला मी एक कठोर शब्द बोललो होतो आणि तो चुकीचा होता.

ही मुलगी माझी भाची, अकोल्याची. तिचे वडील कापडगिरणीत रिंग खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर ते ऑटोरिक्षा चालवू लागले. मुलगी शिष्यवृत्ती मिळवून २०२२ च्या सप्टेंबरात एका वर्षाच्या शिक्षणासाठी लंडनला गेली. दिवाळीच्या सुमारास तिची छायाचित्रे आमच्या फोनवर येऊ लागली. कधी नदीच्या पुलावर, कधी चित्रशाळेच्या पायऱ्यांवर, कधी हिरव्यागार टेकडीवर. आमच्या कचेरीत बसलेल्या एका वृद्ध हमालाने ती पाहिली आणि मला विचारले, “भाऊ, पोट्टी शिकाले गेली का फिराले?”

मला ते लागले. त्याच रात्री मी तिला फोन केला. म्हणालो, “बाबासाहेब त्या गावात अठरा-अठरा तास अभ्यास करीत होते. तू पुलावर उभी राहून फोटो काढतेस.” ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मामा, या फोटोंना पैसे किती लागले, ते तुम्ही विचारलं नाही.” दुसऱ्या दिवशी तिने आपल्या हिशेबाच्या वहीचे एक पान पाठविले. खोलीभाडे, तांदूळ, डाळ, बसभाडे, आणि ‘पाहणे’ या सदरात महिन्याची बेरीज शून्य.

हिशेबाची वही म्हटली की माझ्यासारखा युनियनवाला नरम पडतो. पुढल्या वर्षी माझ्या विम्याची एक रक्कम हाती आली. तेव्हा घरातून हुकूम झाला, “तिला बोललात ना? आता जाऊन पाहून या.” २०२३ च्या जूनमध्ये मी बारा दिवस लंडनला होतो. एका ओळखीच्या गृहस्थांच्या बैठकीत झोपत होतो आणि दिवसभर भाचीबरोबर, तिच्याच वहीच्या नियमाने, हिंडत होतो.

नियम सोपा होता. जिथे तिकीट तिथे बाहेरून पाहायचे. टॉवर ऑफ लंडन, जिथे कोहिनूर ठेवला आहे, त्याचे तिकीट तीस पौंडांहून अधिक, म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर. आपल्याच हिऱ्याचे दर्शन घेण्यास एवढे पैसे मोजावयाचे मला काही पटले नाही. आम्ही खंदकाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि निघालो. बसचे भाडे त्या वर्षी पावणेदोन पौंड होते. मात्र एका तासात कितीही बसगाड्या बदलल्या तरी भाडे एकदाच. भुयारी आगगाडी त्याहून महाग. म्हणून जाताना बस आणि येताना पाय, असा तिचा बेत असे.

आणि या नियमात राहूनही काय काय दिसते! ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांस खुले झाले, आणि आजही तिथे आत जाण्यास पैसा पडत नाही. विज्ञानाच्या आणि निसर्गेतिहासाच्या मोठ्या संग्रहालयांत मध्यंतरी तिकीट होते, ते २००१ साली रद्द झाले. नॅशनल गॅलरी फुकट. पार्लमेंटात वादविवाद चालू असेल तर रांगेत उभे राहून वरच्या सज्जात बसता येते, तेही फुकट. न्यायालयाच्या सज्जाची तीच गोष्ट.

ब्रिटिश म्युझियममध्ये माझी एक फजिती झाली. एका दालनापाशी ‘अमरावती’ अशी पाटी. माझी छाती फुगली. भाचीला म्हणालो, पाहा, आपले गाव इथवर आले. आत संगमरवरासारखे पांढुरके शिल्प, स्तूपाचे, अप्रतिम. ती हसू लागली. ती अमरावती आंध्रातली, कृष्णाकाठची! आपल्या अमरावतीचे नाव इंग्रजांनी वेगळ्या रीतीने नेले होते. वऱ्हाडच्या कापसाला मुंबईच्या नि लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत, ते उमरावतीवरून. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस अडला, तेव्हा या ऊमराला सोन्याचा भाव आला. १८६७ साली अकोला आणि बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पुरी झाली, ती काही आपल्या यात्रेकरूंच्या सोयीसाठी नव्हे. विज्ञान संग्रहालयात आर्कराइटचे सूत कातण्याचे लाकडी यंत्र आहे, अठराव्या शतकातले. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. भाचीने त्याचे छायाचित्र वडिलांना पाठविले. त्यांचे उत्तर आले, “चात्या कमी आहेत.” रिंग खात्यातल्या माणसाला दुसरे काय दिसणार?

आता बाबासाहेबांविषयी, कारण त्यांचेच नाव घेऊन मी तिला बोललो होतो. ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. जवळ नोकरीतून साठविलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरच्या १० क्रमांकाच्या घरात राहत. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. भाडोत्री खोली, सकाळी पावाचा तुकडा, आणि रात्री दहाच्या सुमारास भूक अनावर झाली की पत्र्यावर भाजलेले चार पापड. या गोष्टी त्यांच्या चरित्रांत आहेत आणि आपण त्या जयंतीला सांगतो. वाहनाचे पैसे वाचविण्यासाठी ते पायी जात, हेही चरित्रांत येते. हे वाक्य मी शंभर वेळा वाचले असेल, पण त्यातला रस्ता मला कधी दिसला नव्हता.

भाचीने मला तो रस्ता चालविला. घरापासून निघालो. पाचच मिनिटांत प्रिमरोझ हिल नावाची टेकडी लागते, आणि तिच्या माथ्यावरून सारे लंडन खाली पसरलेले दिसते. तिच्या ज्या छायाचित्रावर मी रागावलो होतो, ते इथलेच. मग रीजंट्स पार्कची झाडी, मग विद्यापीठाची वस्ती, मग ब्रिटिश म्युझियम, ज्याच्या गोल घुमटाखालच्या वाचनालयात ते बसत आणि त्यांच्या आधी मार्क्स बसत असे. सुमारे चार-साडेचार किलोमीटर. मला एक तासाहून अधिक लागला. आता ते वाचनालय तिथून हलले आहे. बाबासाहेब नेमके याच वाटेने जात किंवा टेकडीवर थांबत, असे मी म्हणत नाही. पण जो मनुष्य पैसे नाहीत म्हणून शहरातून पायी चालतो, त्याच्या डोळ्यांवर काही पट्टी नसते. आपण गरिबाच्या मुलाला सांगतो की तुला फक्त पुस्तकच पाहण्याचा हक्क आहे. श्रीमंताच्या मुलाने तीच टेकडी पाहिली की त्याला आपण बहुश्रुत म्हणतो. हे मी स्वतः केले होते. त्या टेकडीच्या बाकावर बसून मी भाचीची क्षमा मागितली. ती म्हणाली, “जाऊ द्या मामा, पाय दुखत असतील तुमचे.” दुखत होतेच.

तिचे दिवस सुखाचे होते असे कोणी समजू नये. शिष्यवृत्तीचा एक हप्ता फार उशिरा आला. कागद कोणत्या टेबलावर अडकला, ते उकरीत नाही. त्या काळात ती रात्री दुकाने मिटण्याच्या वेळी जाऊन, भाव उतरविल्याची पिवळी चिठ्ठी लावलेला पाव आणि भाजी आणी. त्या आठवड्यांच्या पानांवर बसभाडेही शून्य आहे.

हायगेटला मार्क्सची समाधी आहे. तिथे मात्र तिकीट! मार्क्सला भेटायला पैसे मोजणारा मी एकटाच नव्हतो, रांग होती. वहीत तेवढाच एक अपवाद झाला आणि तो माझ्या नावावर लिहिला गेला.

सगळ्यांत मला जे आवडले ते कोणत्याही सहलीच्या यादीत वर नसते. ग्रीनिचला थेम्स नदीच्या खालून पायी जाण्याचे एक भुयार आहे, सुमारे ३७० मीटर लांब. १९०२ साली ते खुले झाले. दक्षिण तीरावर राहणारे गोदी कामगार पलीकडे कामाला जात. नाव चुकली किंवा धुके पडले की त्यांची खाडी व्हावयाची. त्यांच्यासाठी हे भुयार व्हावे म्हणून विल क्रुक्स नावाचा मनुष्य झटला. हा पिंपे बनविणारा कारागीर. लहानपणी गरिबीमुळे त्याला वर्कहाउसात, म्हणजे सरकारी अन्नछत्रासारख्या तुरुंगातच, राहावे लागले होते. पुढे १९०३ साली तो पार्लमेंटात निवडून आला. तो दर रविवारी सकाळी गोदीच्या दाराशी उभा राहून कामगारांना व्याख्यान देई आणि लोक त्याला ‘क्रुक्सचे कॉलेज’ म्हणत. त्याला ना मंडप, ना अध्यक्ष. अध्यक्षमहाराजांनी राग मानू नये.

आम्ही भुयारातून दोनदा गेलो, एकदा जाताना, एकदा येताना. पांढऱ्या फरशांच्या भिंती, आवाज घुमतो. उत्तरेच्या टोकाशी ते अरुंद आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात तिथे बॉम्बने इजा झाली आणि आतून लोखंडी अस्तर घालून दुरुस्ती केली. डोक्यावरून जहाजे जात असतात आणि खाली कोणी पिशवी घेऊन घरी चाललेला असतो.

परत आल्यावर मी कचेरीत त्या वृद्ध हमालाला हे सारे सांगितले. भाचीची वही दाखविली. पार्लमेंट, कोहिनूर, राजवाडा यांविषयी त्यांनी काही विचारले नाही. भुयाराची गोष्ट मात्र दोनदा सांगावयास लावली. मग म्हणाले, “वरून नदी वाहते, तं खाली पानी गळत नाही का?”

मी म्हणालो, एके ठिकाणी थोडी ओल आहे.