रेडिओ कुणाच्या पैशावर बोलतो?

(पुणे येथील बैठकीत केलेले भाषण)



पुण्यात जमलो आहोत, तर पुण्याचीच गोष्ट सांगतो. इथलं आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालं. 1956 साली युनेस्कोच्या मदतीनं इथून एक प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं काढली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम. वीसेक माणसं ऐकायची, रेडिओ बंद झाला की वाद घालायची आणि उरलेले प्रश्न पुण्याला पाठवायची. उत्तरं रेडिओवर यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं तपासणी केली. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती खूप वाढली. नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथं फार थोडी. डबा चावडीत आणून ठेवला की काम झालं, असं नसतं!

आता पैशाचं. पूर्वी रेडिओला परवाना लागे, पोस्टात वर्षाची फी भरावी लागे. 1980 च्या दशकात ती गेली. म्हणून रेडिओ फुकट झाला का? प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, अंमल 1997 पासून. कागदावर स्वायत्त, पण 2007 पूर्वी नेमलेल्यांचे पगार केंद्र सरकार देतं. 2004 ला सुरू झालेली 'किसानवाणी' कृषी मंत्रालयाच्या पैशावर. डिझेल, फवारणीचं औषध, काडेपेटी, यांवर तुम्ही भरता तो कर हाच तुमचा परवाना. फक्त पावती मिळत नाही.

जानेवारी 2023 मध्ये आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या यंत्रसामग्रीसाठी 2,539 कोटींची योजना मंजूर झाली. एफएम देशाच्या 66 टक्के भूभागावर न्यायचं, हे तिचं उद्दिष्ट. म्हणजे ठरवल्याप्रमाणे सगळं झालं तरी एक तृतीयांश भूभाग बाहेरच. मध्यम लहरी लांब जायच्या. त्यांची प्रक्षेपकं ठिकठिकाणी बंद होत गेली.

जून 2023 मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा आदेश निघाला. शहरानं ओरड केली, काही दिवसांत स्थगिती आली. बरं झालं. पण शेतीच्या कार्यक्रमाला कात्री लागली तर ओरडणार कोण?

2017 ची गुलाबी बोंडअळी आठवा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीची वेळ झाली, एवढं एक वाक्य. पण आज तुमच्या तालुक्यात पतंग किती, हे सांगायला कुणीतरी शिवारात गेलेला लागतो. यंत्राला कोटी मिळतात. या माणसाचं काय? तो नसला की सल्ला देतो तो, ज्याच्या फळीवर बाटल्या मांडलेल्या आहेत. मोबाईल आहे की, असं कुणी म्हणेल. मोबाईलवरही विकणाराच जास्त बोलतो.

तेव्हा आज दोन कामं वाटून घ्यायची. आपल्या केंद्रानं शेती कार्यक्रमावर वर्षाला किती खर्च केला, शिवारात जाणारी माणसं किती, हे माहितीच्या अधिकारात विचारायचं. फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. आणि गावागावातून कापूस-ज्वारीचे प्रश्न, गावाचं नाव घालून, केंद्राला लेखी पाठवायचे. रब्बी ज्वारीचे प्रश्न ऑगस्टमध्येच जाऊ द्या. पेरणी झाल्यावर खोडमाशीचं उत्तर मिळून उपयोग नाही.