अर्धवट नव्हे, चालू शिक्षण



नोकरी सांभाळून शिकणारे आपल्या ज्ञातीतील तरुण अर्ज करताना दोन चुका करतात. कोणी चालू शिक्षणाचा उल्लेखच टाळतो. परीक्षेच्या रजेस मालक भिईल, अशी त्यास धास्ती. कोणी पदवी हाती येण्यापूर्वीच ती नावापुढे लावतो. पहिल्यात स्वतःच्या श्रमांचा अनादर आहे. दुसऱ्यात असत्य आहे, आणि ते पडताळणीत उघडे पडते.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये अशाच विद्यार्थ्यांसाठी स्थापन झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची ठरविली आहे. मग संकोच कशाचा? अभ्यासक्रम, विद्यापीठ, कितवे वर्ष व अखेरच्या परीक्षेचा अपेक्षित महिना लिहून पुढे ‘शिक्षण चालू’ असे स्पष्ट म्हणावे.

मात्र दोष केवळ तरुणांचा नाही. हे दोन शब्द वाचून अर्ज बाजूस सारण्याचे पाप आम्हीही केले आहे. ज्ञातीच्या निधीतून शिष्यवृत्ती द्यावयाची आणि स्वतःच्या पेढीवर मात्र शिकणाऱ्यास नाकारावयाचे, हे आपणांस शोभत नाही. परीक्षेपुरती रजा देण्याचा निश्चय व्यापारी बंधूंनी आज करावा, एवढीच आमची विनंती.